लघवी अडते कुठे?

मिरजेत माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत वयस्कर पुरुष येतात ते बहुधा मुलानं किंवा सुनेनं मागे लागून पाठवल्यावर. चिठ्ठीवर डॉक्टरांनी प्रोस्टेट लिहिलेलं असतं, पण बाबा सांगतात, ‘ओटीपोटात जरा दुखतंय.’ बाईमाणसापुढं लघवीचं बोलायचं कसं, हा संकोच. जेल लावून प्रोब टेकवला की मग हळूच येतं, ‘धार पडत नाही बघा, बाई. थेंबथेंब होतं. रात्री चार-चारदा उठावं लागतंय.’ दहा मिनिटांत, काही न टोचता, कुठंही नळी न घालता पुष्कळसं कळतं. या दहा मिनिटांमागे मोठा इतिहास आहे, आणि आमच्या पेशातही तो फारसा कुणी सांगत नाही.

दुखणं फार जुनं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार दिले आहेत. त्यातल्या अष्ठीलेचं वर्णन वाचताना मी दरवेळी थबकते: गुदमार्ग आणि बस्ती (मूत्राशय) यांच्या मधोमध घट्ट, वर उचललेली गाठ, आणि तिच्यामुळं अडणारी लघवी. प्रोस्टेट ग्रंथी असते ती नेमकी तिथंच. पण गाठ दिसत नव्हती, आणि तुंबलेली लघवी सोडवायची तर आत काहीतरी घालावंच लागे. पाँपेईच्या उत्खननात कांस्याच्या वळणदार नळ्या सापडल्या आहेत. 1752 मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं मूतखड्यानं बेजार झालेल्या आपल्या भावासाठी, जॉनसाठी, चांदीची लवचीक नळी करून घेतली. ती पुरी होईपर्यंत तो सोनाराशेजारी बसून राहिला. ताठ नळीनं भावाला काय सोसावं लागत असेल, हे त्या बसण्यात मला दिसतं. रबराची मऊ नळी आली ती 1860 च्या सुमारास, पॅरिसच्या नेलाताँ या सर्जनची.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात भारताशी जोडलेलं एक नाव आहे, पीटर फ्रेयर. आयरिश माणूस, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसेक वर्षं उत्तर हिंदुस्थानात मूतखडे काढण्यात त्याचा हात बसला. लंडनला परतल्यावर डिसेंबर 1900 मध्ये त्यानं ओटीपोटातून वाढलेली प्रोस्टेट काढली आणि ती पद्धत जगभर नेली. तोवर कितीतरी म्हाताऱ्यांचं उरलेलं आयुष्य नळीवरच जात होतं.

पण शस्त्रक्रिया जमू लागली तशी अवघड गोष्ट पुढं आली. धार बारीक होण्याची कारणं दोन. एक, वाट अरुंद झालेली. दुसरं, वाट मोकळी आहे, पण मूत्राशयाचा स्नायूच थकलेला. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाची प्रोस्टेट काढली तर ऑपरेशनचा त्रास पदरी, आणि धार होती तशीच.

1948 मध्ये ड्रेक या अमेरिकी डॉक्टरानं भांड्यात पडणाऱ्या लघवीचं वजन सेकंदागणिक फिरत्या कागदावर उमटवलं. आज धारेचा वेग मोजणाऱ्या यूरोफ्लो तपासणीचा हा पूर्वज. सेकंदाला 15 मिलिलिटरच्या वर वेग असला तर बहुधा ठीक, 10 च्या खाली असला तर शंका. पण ती शंकाच; दोनपैकी कारण कुठलं, ते त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी मूत्राशयात एक नळी आणि गुदद्वारात दुसरी घालून दाब मोजायचा. 1979 मध्ये एब्रम्स आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दाब आणि वेग यांचा आलेख दिला, आणि आजही खात्रीची कसोटी तीच मानतात. तपासणी उत्तम, पण सत्तरीच्या माणसाला दोन नळ्या लावून परक्या माणसांसमोर लघवी करायला सांगणं ही साधी गोष्ट नाही. जंतुसंसर्गाची भीती वेगळीच.

दुसरी वाट, सोनोग्राफीची, जपानमधून आली. सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात हिरोकी वातानाबे यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस एक खुर्ची केली. रुग्ण तिच्यावर बसे, बैठकीतून वर आलेला प्रोब गुदमार्गातून प्रोस्टेटचं चित्र घेई. पुढं ते क्योतोला गेले, आणि तिथंच 1990 च्या दशकात कोजिमा यांनी प्रश्नाची बाजूच बदलली. अडथळ्याकडं कशाला पाहायचं, मूत्राशयालाच विचारू. वर्षानुवर्षं अडलेल्या वाटेविरुद्ध जोर लावणारा स्नायू तालमीतल्या पैलवानाच्या दंडासारखा जाड होतो. त्यांनी ओटीपोटावरून भिंतीची जाडी मोजून मूत्राशयाचं वजन काढलं. 35 ग्रॅमच्या वर गेलं तर अडथळ्याचा संशय घ्यायचा.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब लावला की पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसतात आणि मधे एक काळसर पट्टी. ती पट्टी म्हणजे स्नायू. मूत्राशय भरलेलं असताना ती 2 मिलिमीटर किंवा जास्त भरली तर अडथळा असण्याची शक्यता मोठी, असं जर्मनीत काम करणाऱ्या ओल्केंनी दाखवलं. 2003 मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी आणखी सोपी खूण दिली: प्रोस्टेट मूत्राशयात किती वर घुसली आहे ते मोजा. 10 मिलिमीटरच्या वर असली तर ती झडपेसारखी वाट अडवते. म्हणून नुसत्या ‘प्रोस्टेट 40 ग्रॅम’ या आकड्यावर मी विसंबत नाही. आकारानं मोठी असूनही न अडवणाऱ्या आणि लहान असून अडवणाऱ्या, दोन्ही मी पाहिल्यात.

भिंतीचं माप दाब मोजण्याची जागा पूर्णपणे घेत नाही, हेही सांगायला हवं. प्रत्येक केंद्रात ते एकाच पद्धतीनं घेतलं जात नाही, आणि मिलिमीटरच्या अंशावर निकाल फिरतो. ऑपरेशनचा निर्णय अवघड असेल तिथं नळीची तपासणी टाळू नये.

लघवी करून आल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी मात्र कुठल्याही केंद्रात मोजता येते. पूर्वी ती नळी घालून काढून मोजत; आता पडद्यावर लांबी, रुंदी, उंची घेऊन त्यांच्या गुणाकाराला 0.52 नं गुणायचं. इथं वाचकांना एक विनंती. ‘भरपूर पाणी पिऊन या’ म्हटल्यावर पुष्कळजण दोन-दोन तास कळ सोसत बसतात. इतकं तट्ट भरलेलं मूत्राशय निरोगी माणसाचंही नीट रिकामं होत नाही, आणि रिपोर्टवर खोटा मोठा आकडा येतो. साधी लघवीची भावना झाली की सांगा. लघवीला घाई न करता जाऊन या. आकडा मोठा आला तर अर्ध्या तासानं पुन्हा मोजायला सांगा. त्यासाठी कुणी नाही म्हणू नये. आणि धार बारीक झाली असेल तर ते सुनेनं ओळखण्याआधी तुम्हीच बोला.