वर्षभराच्या कामाचे मार्क

आयटीआयला जाणाऱ्या एखाद्या मुलाला ‘परीक्षा कशी गेली?’ असं विचारलं, तर तो पेपरविषयी दोन शब्द बोलतो आणि लगेच म्हणतो, ‘सरांच्या हातातले मार्क आहेत ना!’ हे सरांच्या हातातले मार्क म्हणजे वर्षभर केलेल्या कामाचे गुण. आयटीआयमध्ये त्यांना सेशनल म्हणत, पॉलिटेक्निकमध्ये टर्मवर्क, आणि आता कागदोपत्री आकारिक मूल्यमापन असं भारदस्त नाव आहे. श्रोतेहो, नाव कोणतंही असो, प्रश्न एकच आहे. शिकवणाऱ्याने आपल्याच विद्यार्थ्याला दिलेल्या गुणांवर जगाने विश्वास ठेवायचा की नाही? या प्रश्नाला आपल्याकडे बराच जुना इतिहास आहे.

जुन्या कारखान्यांत हा प्रश्नच नव्हता. मी मिरज भागातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं बनवायला घेतली. ती परंपरा आजही चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा कारखान्यात पोरगा शिकायला आला की उस्तादाची परीक्षा रोजच चालू असते. भोपळा कसा कापला, लाकूड कसं घासलं, हे तो बोलता बोलता पाहतो. काम पसंत पडलं तर उद्या जरा अवघड काम, नाही तर तेच पुन्हा. जवारी काढणं हे फार नाजूक काम. तिला हात लावायला मिळाला की पास झालो असं समजायचं. मार्क नाहीत, निकालपत्रही नाही. पण उस्तादाचा शब्द जिथवर ओळखीचा, तिथवरच तो चालायचा. मुंबईच्या गिरणीच्या दारात मिरजेच्या उस्तादाला कोण ओळखणार?

सरकारी शिक्षणाने याच्या अगदी उलट टोक गाठलं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ सालची. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. वर्षभर ज्याने मुलाला पाहिलं त्याने गप्प बसायचं आणि ज्याने कधीच पाहिलं नाही त्याने निकाल द्यायचा, अशी ही रीत. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की परीक्षा म्हणजे हीच, असं आपण धरून चाललो.

या रीतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्या बाजूने माझी एक साक्ष आहे. मी बीए झालो तेव्हा वर्षाअखेरच्या तीन-तीन तासांत सगळं ठरायचं. हजेरी घेताना माझ्या नावाशी आल्यावर ज्यांचा आवाज किंचित बदलायचा, असे एक-दोन शिक्षक मी पाहिले आहेत. उत्तरपत्रिकेवर मात्र नुसता आसन क्रमांक. आसन क्रमांकाला आडनाव नसतं, जात नसते, वस्तीचा पत्ता नसतो. ज्यांच्या नावावरूनच अंदाज बांधले जातात, त्यांना हा आकडा किती मोठा आडोसा वाटतो हे ज्याचं त्यालाच कळतं. म्हणून ‘सरांच्या हातातले मार्क’ वाढवा, असं कोणी म्हटलं की माझ्या मनात आधी शंका येते, ती कुठल्या सरांच्या?

अर्थात आकड्याच्या आड न्याय होतोच असंही नाही. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टोग यांनी रोड्स या सहकाऱ्याबरोबर १९३५ मध्ये इंग्लंडातल्या परीक्षांची तपासणी प्रसिद्ध केली. इतिहासाच्या त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा दिल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी निकालच बदलला. लिहिलेल्या पेपरची ही गत, तर हाताच्या कामाची काय कथा?

हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी आणण्याचा मोठा प्रयत्न वर्ध्यात झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. चालू परीक्षापद्धती ही शिक्षणाला शाप ठरली आहे, असं त्या अहवालाने स्पष्टच म्हटलं. पुढे राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये त्याला आकड्यांचं रूप दिलं. प्रत्येक विषयाचे एक तृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखून ठेवावेत, अशी त्याची शिफारस होती. विद्यापीठांनी ती बरीच वर्षं फडताळातच ठेवली.

कारागिरीच्या शाळांना मात्र तसं करून भागणार नव्हतं. १९५० मध्ये केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आयटीआय वाढल्या, आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय परिषद आली. प्रमाणपत्र देशभर एकच हवं, म्हणून शेवटची परीक्षा अखिल भारतीय. पण फिटरचा हात एका दिवसात कसा तपासणार? तिथे मुलाला लोखंडाचा एक तुकडा मिळतो. तो कानशीने घासून सपाट करायचा, काटकोनात आणायचा. मग त्याला गुण्या लावून उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. माप व्हर्नियरने. याला ‘जॉब’ म्हणतात आणि असे जॉब वर्षभर चालतात. निदेशक प्रत्येकाला मार्क देतो ते केवळ मापाचे नाहीत. सुरक्षेची काळजी घेतली का, जागा स्वच्छ ठेवली का, वेळेवर आला का, हत्यार नीट धरतो का, माल वाया घालवला का, किती वेळ लागला, सफाई कशी आहे, आणि शेवटी चार तोंडी प्रश्न. मला हा तक्ता फार आवडतो. मिरजेचा उस्ताद मनातल्या मनात जे पाहत असे, तेच इथे रकान्यांत मांडलं आहे. (कवितेला कोणी असे वर्षभर मार्क देत नाही, हे आमचं नशीब.)

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ही नोंद कारखान्यातही नेली. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवलीच पाहिजे, असं त्या कायद्यात आहे.

आता दुखणं कुठे आहे ते सांगतो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळांसाठी अंतर्गत मूल्यमापन सुचवलं, पण बजावलं की हे गुण बाहेरच्या परीक्षेच्या गुणांत मिसळू नका, शेजारी वेगळे दाखवा. आयोगाला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. शिक्षक दयाळू असतो, शिवाय संस्थेचा निकालही त्याला सांभाळायचा असतो. मग दहापैकी नऊ सगळ्यांनाच. ज्याचा जॉब गुण्याला चिकटून बसतो त्यालाही नऊ आणि ज्याच्या फटीतून सूर्य दिसतो त्यालाही नऊ. ही दया वाटते, पण तिची किंमत गरीब पोरगा मोजतो. ज्याचा मामा कारखान्यात फोरमन आहे, त्याला मार्कांची गरजच नसते. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही, त्याची शिफारस म्हणजे ते रकाने, आणि तेच आपण खोटे करून टाकतो.

माझे थोरले भाऊ, भाईजान, फिटर झाले. त्यांचे निदेशक कडक; त्यांच्या जॉबच्या वहीत कुठे सहा, कुठे पाच, एका ठिकाणी तर तीन आणि शेजारी ‘घाई केली’ असा शेरा. वही संपत येते तसे आकडे चढत जातात. आमच्याकडच्या एका वर्कशॉपच्या मालकांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवून ती वही पानापानाने पाहिली आणि म्हणाले, ‘सोमवारपासून या.’ सगळीकडे नऊ असते तर त्यांनी काय वाचलं असतं?

अलीकडे आयटीआयमध्ये २०१३ साली सत्र पद्धत आली आणि २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक झाली. एक गोष्ट मात्र त्या नियमांत ठळक आहे. प्रात्यक्षिकात आणि आकारिक मूल्यमापनात पास व्हायला साठ टक्के लागतात, बाकी विषयांत तेहेतीस. ग्रेस मार्क नाहीत. म्हणजे हाताचं मोल सरकारने पेपरपेक्षा जवळजवळ दुप्पट धरलं. वर्षभराच्या मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायचे, म्हणजे बाहेरच्या माणसाला ते पडताळता येतील, असाही नियम आहे. मला हा मार्ग पटतो. मार्क सरांनीच द्यावेत, पण तो लोखंडाचा तुकडा नाव-आडनाव न पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडण्याची शक्यता कायम असावी. गुण्या उजेडासमोर धरायला त्या माणसाला फार वेळ लागत नाही.