संकटाची वर्दी आणि अपंग माणूस

पुण्याहून सिंहगडाकडे जाऊं लागलें म्हणजे धायरी हें गांव लागतें. पूर्वीं धारेश्वराच्या देवळासाठीं ओळखलें जाणारें हें खेडें आतां पुरतें शहर झालें आहे. त्याचा कांहीं भाग १९९७ सालीं आणि उरलेला २०१७ सालीं महानगरपालिकेंत आला. जेथें शेतें होतीं तेथें बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. या गांवाच्या वरच्या अंगास खडकवासल्याचें धरण आहे. आजच्या विषयास आरंभ तेथूनच करणें बरें.

१२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण, पुरतें बांधून होण्यापूर्वींच, फुटलें. तो लोंढा १८७९ सालच्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर येऊन आदळला व दुपारीं तेंही गेलें. पुण्यांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं बुडाल्या. दोन धरणें फुटण्यामध्यें कित्येक तासांचा अवधि होता. त्या अवधींत वर्दी पसरली ती बहुतेक तोंडोतोंडीं. ज्याच्या कानावर ती पडली व ज्याच्या पायांत बळ होतें, तो उंचावर गेला. अशा वेळीं वर्दी ही कानांसाठीं असते व सुटका पायांसाठीं! बहिऱ्यास दार ठोठावल्याचें कळत नाहीं. आंधळ्याची रोजची वाट पाण्याखालीं जातांच ती त्याची वाट रहात नाहीं. आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाला उचलण्यास निदान दोन माणसें लागतात, तींही वेळेवर.

पुढें टेलिफोन घरोघरीं आला. पोलिसांसाठीं १००, आगीसाठीं १०१ हे आंकडे मुलेंही पाठ म्हणूं लागलीं. पण टेलिफोनला तोंड आणि कान दोन्हीं लागतात. या यंत्राचा जनक ग्रॅहॅम बेल हा बहिऱ्यांचा शिक्षक होता. त्याची आई व पत्नी दोघीही बहिऱ्या. त्याच्याच यंत्रानें बहिऱ्यांस जवळजवळ नव्वद वर्षें बाहेर ठेवलें, यापरतें दैवाचें विडंबन तें कोणतें? १९६४ सालीं रॉबर्ट वाइटब्रेख्त या अमेरिकन शास्त्रज्ञानें, जो स्वतः बहिरा होता, टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित मजकूर धाडण्याची सोय केली. फ्रान्सनें २०११ पासून बहिऱ्यांकरितां ११४ हा स्वतंत्र क्रमांक दिला, आणि ब्रिटनमध्यें जून २०२२ पासून खुणांच्या भाषेंत संकटाची हांक देतां येऊं लागली. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ सालीं धांवूं लागली. नंतर ११२ हा एकच क्रमांक आला व त्यावर लेखी संदेशही धाडतां येतो. ही सोय आहे हें किती बहिऱ्यांना कोणी सांगितलें, हा प्रश्न मात्र निराळा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालीं संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्याचें आठवें कलम मुद्दाम वाचण्यासारखें आहे. जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें जिल्ह्यांतील अपंग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांस मिळेल अशी तजवीज करावी, असें तें स्पष्ट सांगतें. म्हणजे दया संपली व कर्तव्य सुरू झालें. उरलेली धायरी शहरांत आली तीही त्याच वर्षीं.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत मुठेचें पाणी शिरलें. लोकांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. लष्करालाही पाचारण झालें. वेळेवर सूचना मिळाली नाहीं, ही रहिवाशांची तक्रार होती. १९६१ सालीं धरण फुटलें होतें. या खेपेस तें शाबूत होतें व पाणी माणसांनींच सोडलें होतें. जें पाणी सोडावयाचें, त्याची वेळ सोडणाऱ्यास आधीं ठाऊक असते. नदीकांठीं ध्वनिक्षेपक फिरविणें सोपें, पण पहाटे झोंपलेल्या बहिऱ्या गृहस्थास त्याचा काय उपयोग? २०२३ सालीं सरकारनें मोबाइलवर धोक्याच्या संदेशाची चांचणी घेतली, तेव्हां यंत्र मोठ्यानें वाजलें, थरथरलें आणि मराठींत अक्षरेंही उमटलीं. उशाखालीं ठेवलेलें यंत्र थरथरलें तर बहिराही जागा होईल.

उंच इमारतींतील आगीची गोष्ट याहून बिकट. आग लागली कीं लिफ्ट वापरूं नये हा नियम योग्यच. पण चाकाच्या खुर्चींतील माणूस नवव्या मजल्यावर रहात असला तर त्यानें उतरावें कसें? राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें २४ मीटरहून उंच इमारतींत आश्रयाची मोकळी जागा ठेवावी लागते. कित्येक ठिकाणीं तेथें जुनें फर्निचर व सायकली रचलेल्या आढळतात. ती जागा रिकामी असली, जिन्यावरून उतरविण्याची खुर्ची पहारेकऱ्याच्या खोलींत असली, आणि कोणत्या मजल्यावर कोण रहातो याची चिठ्ठी अग्निशामक दलाच्या हातीं पडली, तर बंब दाराशीं येतांच जवान थेट त्या मजल्याकडे जातील.