आयएनएस मुंबई : एका विनाशिकेची सेवा

‘डिस्ट्रॉयर’ला आपण विनाशिका म्हणतो. मूळ नाव ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जहाज घडले ते टॉर्पेडो डागणाऱ्या चपळ नौकांपासून आपल्या मोठ्या युद्धनौकांचे रक्षण करण्यासाठी. पुढे नाव आखूड झाले आणि रक्षणाचा अर्थ त्यातून गळून पडला.

आमच्या भंडाऱ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात युद्धनौका म्हटली की क्षेपणास्त्रेच डोळ्यांपुढे येतात. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, २२ जानेवारी २००१ रोजी नौदलात दाखल झालेल्या आयएनएस मुंबईवरही ती आहेत. तिची कीर्ती मात्र निराळ्याच कामामुळे झाली.

जुलै २००६. भूमध्य समुद्राचा दौरा आटोपून चार भारतीय जहाजे सुएझ ओलांडून परतत होती, तोच लेबनॉनमध्ये युद्ध पेटले. जहाजे माघारी वळली. ‘मुंबई’ने बैरूतहून भारतीयांची पहिली तुकडी सायप्रसमधील लार्नाकाला नेली. ‘ऑपरेशन सुकून’मध्ये सुमारे २,२८० माणसे सुटली, त्यांत श्रीलंका व नेपाळचे नागरिकही होते.

एप्रिल २०१५ मधले येमेन अधिक बिकट. एडनच्या बंदरात गोळाबारी चालू असल्याने ‘मुंबई’ बाहेर खोल पाण्यातच थांबली आणि लहान बोटींतून माणसे तिच्यापर्यंत आणावी लागली. चारशेहून अधिक जण तिने जिबूतीला पोहोचवले. त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी होते. माझ्या मते तिच्या सेवेतील सर्वांत कठीण दिवस हाच.

मुंबईचे नाव मिरवणारी ही नौका डिसेंबर २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या पूर्व ताफ्यात गेली.