पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था'?

काल टपरीवर एका निवृत्त गुरुजींनी खिशातून पावती काढली. तालुक्यातल्या एका पतसंस्थेतली ठेव. मुदत संपून दोन वर्षं झाली, पैसे नाहीत. म्हणाले, "रिझर्व्ह बँक झोपलीय का हो?"

गुरुजी, तिथं रिझर्व्ह बँकेचा संबंधच येत नाही. का, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. सावकारीवर उपाय शोधता शोधता 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि 'निबंधक' हे सरकारी पद जन्माला आलं. संस्थेची नोंदणी, तपासणी, आणि वेळ आली तर ती मोडीत काढणं, सगळं त्याच्या हाती. पुढं 1925 चा मुंबई प्रांताचा कायदा आला, 1960 चा महाराष्ट्राचा आला. निबंधक कायम. आज तो पुण्यात बसतो, 'सहकार आयुक्त व निबंधक' म्हणून. तालुक्याला त्याचा सहायक असतो.

1 मार्च 1966 पासून सहकारी बँकांचा बँकिंग कारभार रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली गेला. 2019 ला पीएमसी बँक बुडाली, 2020 ला कायदा आणखी कडक झाला. पतसंस्था मात्र राज्याच्या सहकार खात्याकडेच राहिल्या. बँकेतल्या ठेवीला आज 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. एक रुपयाचाही नाही.

आता खरी गोम. 2013 च्या दुरुस्तीपासून संस्थेचा लेखापरीक्षक सरकारी यादीतून निवडते कोण? संस्थेचीच सर्वसाधारण सभा. ती सभा कशी उरकते, हे आपण सगळे जाणतो. चहा, फरसाण आणि 'मंजूर, मंजूर'!

कायद्यात दात नाहीत असं नाही. कलम 83 खाली चौकशी होते, कलम 88 खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी टाकता येते. पण त्यात वर्षं जातात आणि ठेवीदाराचं वय थांबत नाही.

म्हणून अर्धा टक्का जादा व्याजाला भुलण्याआधी पाटी वाचा. 'मल्टिस्टेट' लिहिलं असेल तर निबंधक पुण्यातला नाही, थेट दिल्लीतला. पैसे अडकले असतील तर तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

सोमवारी मी गुरुजींबरोबर सहायक निबंधक कार्यालयात जातोय. ज्यांच्या पावत्या अशाच पडून आहेत, त्यांनी सोबत यावं.