मागावरील नक्षी आणि मुक्त सॉफ्टवेअर

चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर काम करणारे एक पालक मध्यंतरी शाळेत भेटले. “सर, मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे. त्याला डिझाइन शिकायचे आहे. पण त्याची सॉफ्टवेअर फार महाग. बाजारात चोरून उतरवलेली मिळतात म्हणे. तीच घेऊ का?” त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर आपल्या सोलापूरच्या मागातच दडलेले आहे.

सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रामुळे उठते, ते फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथे छिद्र, तिथला उभा धागा उचलला जातो. एकामागून एक कार्डे सरकतात आणि नक्षी पूर्ण होते. १८०६ साली हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर झाले व जॅकार्ड यांना निवृत्तिवेतन देण्यात आले. आपली रोजी जाईल या भीतीने विणकरांनी आरंभी काही यंत्रे जाळली. तरीही १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे ११,००० माग चालू झाले होते.

पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे योजिली. म्हणजे संगणकाच्या घराण्याचा एक पूर्वज विणकराच्या घरचा आहे!

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. सॉफ्टवेअर वापरावे, त्याची रचना अभ्यासावी, त्यात सुधारणा करावी आणि ते इतरांना द्यावे, असे चार हक्क तीत मानले जातात. बर्कले विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी रचलेले ‘गिम्प’ १९९६ मध्ये लोकांसमोर आले. रेखाकृतींसाठीचे ‘इंकस्केप’ २००३ मध्ये आले. दोन्ही विनामूल्य व कायदेशीर आहेत. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशा सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही उपलब्ध आहेत.

नक्षीकार आलेखकागदावर एकेक चौकोन रंगवून चादरीचा मोर किंवा वेलबुट्टी रचतो. ‘गिम्प’मध्ये चित्र मोठे करून पाहिले, की तेच चौकोन पडद्यावर दिसतात. रंग मोजके ठेवून मुलाने एक किनार रचली, तरी मागाचे गणित त्याला उमगू लागते. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष मागासाठी त्या चित्राचे विणीत रूपांतर करावे लागते आणि अनेक व्यावसायिक ठिकाणी सशुल्क सॉफ्टवेअरच वापरतात. परंतु रेषा, रंगसंगती व पुनरावृत्ती यांची जाण एकदा आली, की नवे अवजार हाती बसण्यास वेळ लागत नाही.

त्या पालकांना मी एवढेच म्हणालो, “ज्या विद्येवर उद्या हलाल रोजी कमवायची, तिचा आरंभ चोरीच्या मालाने कशाला? देणाऱ्याने खुल्या मनाने दिलेले समोर असताना तेच घ्या.”

पवित्र कुरआनच्या प्रथम अवतरणातच वाचन आणि लेखणी यांचा उल्लेख आहे. आजच्या लेखणीचे एक रूप संगणक आहे. आपल्या संस्थेने सुटीच्या दिवशी संगणककक्ष खुला ठेवून मुलामुलींना ही कला शिकवावी आणि शिकलेल्याने धाकट्याला शिकवावे, अशी नम्र सूचना आहे. उस्तादाने शागिर्दाला द्यावे, ही तर आपली जुनीच रीत आहे.