द्विमितीय पदार्थ, खनिजजन्य

खनिजाच्या स्फटिकातून सुटे केलेले, एका किंवा मोजक्या अणुथरांच्या जाडीचे पापुद्रे. त्यांची जाडी साधारणपणे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, एवढी असते. लांबी-रुंदी तिच्या शेकडो पट भरते.

प्रकार : ग्रॅफाइट व मॉलिब्डेनाइट यांत प्रत्येक थर आतून घट्ट बांधलेला, पण थराथरांतली पकड ढिली असते; म्हणून ते सोलता येतात. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून ग्रॅफीन मिळवले (नोबेल पारितोषिक २०१०). हेमॅटाइट या लोहखनिजात बंध सर्व दिशांनी मजबूत असतात. तरीही अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या पुलिकेल अजयन यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये त्यापासून ‘हेमॅटीन’ तयार केले. पाठोपाठ इल्मेनाइटपासून ‘इल्मेनीन’.

कृती : खनिजाची पूड डायमिथिल फॉर्मामाइडसारख्या द्रावकात मिसळून तिच्यावर श्राव्यातीत ध्वनिलहरींचा मारा करतात. मिश्रण अपकेंद्री यंत्रात फिरवले की जाड कण तळाशी बसतात आणि पातळ पापुद्रे वरच्या द्रवात तरंगत राहतात.

खानदेशातील खनिजे : जळगाव परिसरातील बेसाल्टच्या खाणींत सापडणारे ॲपोफिलाइट तापवले असता पाणी गमावून पापुद्र्यांनी सुटते; त्याच्या ग्रीक नावातही हाच अर्थ आहे. हे पापुद्रे मात्र द्विमितीय म्हणण्याइतके पातळ नसतात. त्या दृष्टीने जळगाव-धुळ्याची कापसाची काळी माती महत्त्वाची. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची मृद्‌खनिजे असतात. त्यांचा प्रत्येक थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा असतो. थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, ते उडाले की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. थरांमधील कॅल्शियमचे आयन ही फुगण्याची क्रिया मर्यादेत ठेवतात. त्यांच्या जागी सोडियम आणल्यास थर पाण्यात जवळजवळ एकेक सुटे होतात, त्यासाठी चिकटपट्टी लागत नाही.

उपयोग : टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉन-६ मध्ये माँटमोरिलोनाइटचे थर विखरून हलके, मजबूत व उष्णतेला टिकणारे प्लॅस्टिक बनवले, मोटारीतील टायमिंग बेल्टच्या झाकणासाठी ते वापरात आले. हेमॅटीन लोहचुंबकी गुण दाखवते, तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या नलिकांवर बसवल्यास दृश्य प्रकाशात उत्प्रेरकाचे काम करते.