डंजन्स अँड ड्रॅगन्स : लढाईत लपायचं कसं?

मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना तट लांबूनच दिसतो, दरवाजा मात्र जवळ जाईपर्यंत कळत नाही. तो बुरुजांच्या वळणात दडवलाय. डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं (डी अँड डी) लपणं तसंच आहे. नुसतं 'मी लपलो' म्हणून भागत नाही, आधी आडोसा हवा.

२०२४ च्या नियमांप्रमाणे तुम्ही दाट अंधारात-धुक्यात किंवा किमान पाऊण अंग झाकणाऱ्या आडोशामागे असायला हवं, शिवाय शत्रूच्या नजरेबाहेर. मग एक ॲक्शन खर्च करून वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात स्टेल्थचे गुण मिळवायचे. बेरीज १५ किंवा जास्त झाली की लपलात. समजा १८ आली, तर तुम्हाला शोधणाऱ्या पहारेकऱ्यालाही १८ गाठावे लागतात.

फायदा मोठा आहे : लपून वार केला की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. पण वार लागो वा चुको, तुम्ही उघडे पडता. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात तरी तेच.

लपल्यावर उघड्या पुळणीवरून शत्रूच्या समोर धावलात तर? खरी भांडणं इथेच होतात, कारण नियम मोघम आहे. निकाल गेममास्टरचा. त्यामुळे तो खेळ सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्या.